वहिनी थकली नव्हती

आमच्या दुकानात तिला सगळे वहिनी म्हणतात. मालक तिच्या वडिलांच्या वयाचे, तेही वहिनीच म्हणतात. मी पडद्यांचं कापड कापते, ती शिवते. गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घेणं हेही तिच्याच गळ्यात. खिडकी मोजायच्या आधी ती घरच्यांना विचारते, या खोलीत कोण बसतं आणि कुठल्या बाजूला तोंड करून बसतं. लोकांना वाटतं बाई भोचक आहे. पण तिनं शिवलेला पडदा परत आल्याचं मला आठवत नाही.

जाड कापडाचं मशीन तिच्या घरी आहे. घर दुसऱ्या मजल्यावर, तीन खोल्यांचं. रस्त्याकडची खोली म्हणजे तिचा कारखाना. मशीन, इस्त्रीचं लांब टेबल, भिंतीला टेकवलेले तागे, हुकांचे डबे, आणि खिडकीशी सासूबाईंची कॉट.

सासूबाई एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात मुकादम होत्या. चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं, आणि खात्यातल्या बायका त्यांच्या एका भुवईवर चालायच्या. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा ती भुवई घरात चालू झाली. सुनेनं घडी घातलेली चादर त्या काही न बोलता उलगडायच्या आणि पुन्हा घडी घालायच्या. 'बोलल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं,' असं वहिनी हसत सांगायची.

मग त्या न्हाणीघरात घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पाय काही परत आले नाहीत. आधी त्यांना आतल्या खोलीत ठेवलं होतं. काही दिवसांनी त्यांनीच फर्मान काढलं, 'मला भिंत बघत ठेवू नका. मशीन खडखडलं तरी चालेल, मला माणसांत न्या.' तेव्हा कॉट शिवणाच्या खोलीत आली.

तिथून दोघींचं जमायला लागलं. वहिनीनं एक दिवस सहज जुना पडदा त्यांच्या मांडीवर टाकला, आई, एवढं उसवून द्या म्हणून. त्यांनी असं उसवलं की कापडाला एक भोक दिसेना. मग उसवायचं काम त्यांचंच झालं. दुपारी एकीचं मशीन चालायचं आणि दुसरीचं तोंड. गिऱ्हाइकांची यथेच्छ टिंगल व्हायची. एका डॉक्टरीणबाईंनी सोनेरी झालर मागितली तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, पेशंटला नाटकाला आल्यासारखं वाटायला हवं. कधीतरी 'सूनबाई'ची 'अगं पोरी' झाली, ते दोघींच्याही लक्षात आलं नाही.

अंघोळ घालणं, कूस बदलणं, पाठीला पावडर लावणं, भांडं देणं, सगळं वहिनीच करायची. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांना त्यांच्या मुलांनी वृद्धाश्रमात नेलं, त्या दिवशी ती सासूबाईंची वेणी घालत होती. त्या खिडकीतून खाली बघत म्हणाल्या, 'मला असं कुठं नेऊन टाकणार नाहीस ना गं?' वहिनी म्हणाली, 'माझा हात चालतोय तोवर नाही.' पुढं त्या विषयावर दोघी कधी बोलल्या नाहीत. गरजच नव्हती.

तिचे यजमान ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. अर्धं गाव त्यांच्याकडून गाडी शिकलंय, मीसुद्धा. 'क्लच हळू सोडा, घाबरू नका, माझ्या पायाखालीही ब्रेक आहे' हे ते अशा आवाजात सांगतात की समोरून ट्रक येत असला तरी माणसाला शांत वाटावं. घरातही तोच आवाज. मूल झालं नाही, त्याची चर्चा त्यांच्या घरात केव्हाच संपली होती. माणूस निर्व्यसनी, वेळेवर घरी येणारा, बायकोला कधी उणंदुणं न बोलणारा. फक्त आईच्या अंगाला हात लावायची वेळ आली की त्यांना काहीतरी काम आठवायचं. वहिनीनं ते कधी मनावर घेतलं नाही. पुरुषांना नाही जमत, एवढंच ती म्हणायची.

मास्तरांची मोठी बहीण, ताई, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. ती रविवारी फळं घेऊन यायची आणि खुर्चीच्या कडेवर बसायची, पाठ न टेकता.

तर एके संध्याकाळी मास्तर म्हणाले की आपण दोघं दोन दिवस जंगलात जाऊन येऊ. त्यांच्या एका विद्यार्थ्यानं राष्ट्रीय उद्यानातल्या लाकडी खोलीचं बुकिंग करून दिलं होतं. तळं आहे, दरी आहे, पाणमांजरं दिसतात. वहिनीला वाटलं चेष्टा करताहेत. आईंचं काय, तिनं विचारलं. ताई येऊन राहील, ते म्हणाले.

ताई आणि दोन दिवस? वहिनीला नवल वाटलं, पण बरंही वाटलं. शुक्रवारी ताई आली तेव्हा तिनं सगळं दाखवलं. गोळ्या कुठल्या कधी, कूस बदलताना हात कुठं धरायचा, रात्री उशी गुडघ्याखाली कशी सरकवायची. ताई मान हलवत होती. तिनं एकही प्रश्न विचारला नाही, हे वहिनीला नंतर आठवलं. तेव्हा वाटलं, चटकन समजलं हिला.

सासूबाईंनीच तिला ढकलली. 'जा गं तू. दोन दिवस मी माझ्या लेकीला छळते.' निघताना त्यांनी तिच्या ओढणीचं टोक बोटांत धरून कापड चाचपलं आणि म्हणाल्या, जंगलात थंडी असते, शाल घे.

शनिवारचा तो दिवस तिनं मला बऱ्याचदा सांगितलाय. रस्ता चढत गेला तशी झाडं जवळ आली, मग गाडीच्या काचेला लागायला लागली. फाटकावर वनरक्षकानं त्यांना एक नकाशा दिला आणि सांगितलं की आत फोन लागत नाही, लागला तर इथं फाटकाच्या ओसरीवर किंवा वर कड्यावर. लाकडी खोलीत दोन खाटा, एक बंब आणि इतकी लहान खिडकी होती की वहिनीनं सवयीनं बोटांनी मापून टाकली. मास्तर म्हणाले, 'दोन दिवस तरी पडदे विसर.' ती हसली.

तळ्याकाठी लाकडी फळ्यांची वाट होती. त्यांनी तिचा हात धरला. रस्त्यात, लोकांसमोर ते कधी हात धरत नसत. पाणी इतकं स्वच्छ होतं की तळाचे दगड मोजता यावेत. वाटेच्या टोकाला पाणमांजरांचं एक कुटुंब दिसलं. एक पिल्लू आईच्या पाठीवर चढायचं आणि घसरून पाण्यात पडायचं, परत चढायचं, परत पडायचं. वहिनीला हसू आवरेना. मास्तर पाणमांजरांकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघत होते. म्हणाले, 'तू अशी हसतेस हे मी विसरलोच होतो.'

पुढं रानातून जाताना हरणांचा एक कळप आडवा आला आणि दोघं श्वास धरून उभी राहिली. तिच्या पायाला फोड आला तर मास्तरांनी खाली बसून तिचा बूट काढला, रुमालाची घडी करून आत घातली. फाटकाजवळच्या टपरीवरून तिला रुंद कडेची गवती टोपी घेऊन दिली. ती टोपी घालून तिनं फोटो काढून घेतला. तो फोटो मी पाहिलाय. मी तिला इतक्या वर्षांत तशी बघितली नाही. खांदे खाली, हनुवटी वर, जसं कुणी पाठीवरचं ओझं उतरवून ठेवलंय.

संध्याकाळी ओसरीवरून तिनं घरी फोन लावला. ताई म्हणाली, आई झोपलीये. इतक्या लवकर? हो, आज दमली जरा. गोळी दिली का? दिली, दिली, तुम्ही काळजी करू नका, मजा करा. वहिनीला एवढंच वाटलं की मागे काहीच आवाज नाही. सासूबाई झोपल्या की घोरतात आणि ती खोली लहान आहे. पण मास्तर गरम सूप घेऊन आले आणि ते तिच्या डोक्यातून गेलं.

रविवारी सकाळी दोघं कड्यावर गेली. चढ मोठा होता. वर पोचल्यावर सगळी दरी उघडी पडली, खाली धुकं आणि त्यातून वर आलेले झाडांचे शेंडे. इथं फोन लागतो हे आठवून तिनं परत घरी लावला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. मास्तर म्हणाले, 'असेल बाथरूममध्ये, नंतर लाव.' पण ताईनं आईंना उचलायला जाऊन पाडलं तर नाही ना, असं तिच्या मनात आलं. तिनं तळमजल्यावरच्या घड्याळजींना फोन लावला. एकटे राहतात, दिवसभर खिडकीशी बसून घड्याळं दुरुस्त करतात. जरा वर जाऊन बघता का, ती म्हणाली.

पलीकडे हातातलं काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, 'वहिनी, वर कोण आहे आता? काल दुपारीच आईंना नेलं ना. वृद्धाश्रमाची गाडी आली होती. खुर्चीसकट जिन्यावरून उतरवलं. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे.' आणि पुढं, 'त्या तुमचं नाव घेत होत्या.'

तिनं फोन बंद केला आणि मास्तरांकडे पाहिलं. ते दरीकडे बघत होते. काय झालं, असं त्यांनी विचारलं नाही. त्यावरूनच तिला कळलं.

ती म्हणाली, 'तुम्हाला माहीत होतं.'

'इकडे बस जरा,' ते म्हणाले, त्याच आवाजात, क्लच हळू सोडा म्हणतात त्या. 'जागा खूप चांगली आहे. स्वच्छ आहे. नर्स आहेत. महिनाभर आम्ही बघत होतो. तू समोर असतीस तर तू तिला जाऊच दिलं नसतंस, आणि तीही तुझा हात सोडून निघाली नसती. म्हणून म्हटलं, तू दोन दिवस बाहेर असलीस की...'

'म्हणून मला इथं आणलंत.'

'तसं नाही. मला खरंच तुला घेऊन यायचं होतं. मला माझी बायको परत हवी होती गं. घरात आलो की औषधांचा वास, तू वाकलेली, पाठीत उसण भरलेली. तुझ्यासाठीच केलं हे.'

तिच्या मागे दुसरं एक जोडपं फोटो काढायला येऊन थांबलं होतं. तिनं त्यांना वाट दिली. मग तिनं विचारलं, 'आईंना काय सांगितलंत?'

मास्तर बुटाची नाडी बांधायला वाकले.

'त्या काही विचारल्याशिवाय खुर्चीत बसल्या नसतील. काय सांगितलं ताईंनी?'

ते म्हणाले, 'की तू थकलीस. की आता तुला झेपत नाही. तोंडावर सांगायला तुला जड जातंय म्हणून तू बाहेर गेलीस.'

वहिनी म्हणते, तोवर ती फक्त रागावलेली होती. ती खडकावर बसली. ओरडली नाही, रडली नाही. फक्त म्हणाली, 'केसानं गळा कापलात माझा.' आणि उठून उताराला लागली.

परतीच्या रस्त्यावर ती मागच्या सीटवर बसली. मास्तर एक-दोनदा बोलायला गेले. तिला काल दिवसभरातलं एकेक आठवत होतं. रुमालाची घडी, सूप, टोपी. पाणमांजरांशी ती पोट धरून हसत होती, तेव्हाच बहुधा तिकडे जिन्यावरून खुर्ची उतरत होती. आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ते ठाऊक होतं. तो तिचं हसणं बघत होता.

तिनं गाडी घरी नेऊ दिली नाही, सरळ आश्रमात न्यायला लावली. जागा खरंच चांगली होती, हे ती स्वतः कबूल करते. रुंद दारं, धुतलेली फरशी, भिंतीला धरायला लाकडी दांडा. सासूबाई गाड्या उभ्या करायच्या जागेकडे तोंड असलेल्या खिडकीशी बसल्या होत्या. केस कुणीतरी विंचरले होते, भांग चुकीच्या बाजूला पाडून. वहिनी धावत त्यांच्या पायाशी जाऊन बसली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, 'या. बसा ना, खुर्ची आहे तिकडे.'

या. बसा. इतक्या वर्षांत त्यांनी तिला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. अगदी त्या चादरींच्या दिवसांतही नाही.

'आई, मी काही म्हटलं नाही हो. मला माहीतसुद्धा नव्हतं. मी थकले नाहीये.'

'असू दे. थकतं माणूस. तुम्ही पुष्कळ केलंत.'

वहिनी वळली. मास्तर दारात उभे होते, हातात गाडीची किल्ली. ती म्हणाली, 'सांगा त्यांना. माझ्यासमोर सांगा, मी काय म्हटलं होतं आणि काय नव्हतं.'

मास्तरांनी आईकडे पाहिलं, मग बायकोकडे. आणि त्या शांत, समजुतीच्या आवाजात म्हणाले, 'आई, तिला वाईट वाटतंय आता, म्हणून ती असं म्हणतेय. खरंच झेपत नव्हतं तिला.'

वहिनीनं मला सांगितलं, कड्यावरचं एकवेळ मी विसरेन, हे नाही. तिकडे निदान त्यांनी खरं सांगितलं होतं.

ती ऑफिसात गेली. म्हणाली, मी यांना घरी नेते. तिथल्या बाईंनी विचारलं, आपण कोण? सून. मग मुलाची किंवा मुलीची सही लागेल, त्यांनी दाखल केलंय. इतकी वर्षं जिनं भांडं दिलं, तिच्या सहीला त्या टेबलावर काडीची किंमत नव्हती. मास्तरांनी सही दिली नाही. थोडे दिवस जाऊ दे, ते म्हणाले, तुझं मन शांत झालं की बोलू.

घरी पोचली तर रस्त्याकडच्या खोलीतून कॉट गेलेली. ताईनं फरशी पुसून घेतली होती, तागे नीट लावले होते. म्हणे तुम्हाला ऐसपैस होईल. वहिनीनं आतल्या खोलीतली आपली गादी ओढत आणली आणि त्या जागी टाकली. तेव्हापासून ती तिथंच झोपते. मास्तरांना चहा देते, जेवायला वाढते, 'अहो, दूध आणा' म्हणते. त्यांच्या गाडीत बसत नाही. दुकानात बसनं येते.

ताईला मात्र तिनं फोनवर चांगलं सुनावलं. ताईचं उत्तर ठरलेलं होतं. 'आज ना उद्या तुम्ही म्हणालाच असतात. आम्ही तुमचा वाईटपणा वाचवला.' आणि नातेवाइकांत गोष्ट तशीच पसरली. लग्नकार्यात भेटणारी दूरची मावशीसुद्धा वहिनीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायला लागली, तू तरी किती करशील बाई, थकलीस ते बरोबरच आहे. लोक सहानुभूतीनं बोलत. तिनं कुणाकुणाला सांगायचं? पहिल्या दोघांना सांगितलं, तर त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं की ही आता सारवासारव करतेय. मग तिनं सोडून दिलं.

दर बुधवारी अर्धा दिवस रजा टाकून ती आश्रमात जायची. मालकांनी कधी हूं का चूं केलं नाही. ती सासूबाईंची नखं कापायची, पाठ बघायची, नर्सशी भांडून गादी बदलून घ्यायची. सासूबाई म्हणायच्या, 'कशाला त्रास घेता? बसा हो.' दर वेळी ते 'घेता', ते 'बसा'. बसमधून परतताना तिला वाटायचं, आपण कुठल्यातरी अनोळखी बाईची सेवा करून आलो. ती मला विचारायची, 'मी त्यांना काय केलं म्हणजे त्यांचा विश्वास बसेल?'

असे सात-आठ महिने गेले. थंडीत सासूबाईंच्या छातीत कफ झाला. त्यातून त्या उठल्या, पण आवाज बारीक झाला. त्या बुधवारी वहिनी त्यांना चमच्यानं पाणी पाजत होती. त्यांनी चमचा बाजूला केला आणि म्हणाल्या, 'तू काही म्हटलं नव्हतंस. मला माहीत आहे.'

वहिनीला आधी ते 'तू' ऐकू आलं, मग बाकीचं. तिला इतकं बरं वाटलं की रडूच आलं. तिनं विचारलं, कुणी सांगितलं? त्यांनी कबूल केलं का?

'कबूल कशाला करायला हवं? माझा मुलगा आहे तो. दारात उभा राहून बोलत होता तेव्हाच कळलं मला.'

वहिनीनं चमचा खाली ठेवला. 'तेव्हाच? पहिल्याच दिवशी?'

'हो.'

'मग इतके दिवस मला तुम्ही-तुम्ही का करत होतात?'

सासूबाईंनी डोळे मिटले. त्या दमल्या होत्या, पण बोलल्या, तुटक तुटक. 'कुणावर तरी रागवायला हवं होतं गं. पोटच्या पोरांवर रागावले असते, तर इथं कुणाची वाट बघत बसले असते? ती तोंड लपवून बसली असती. आलीच नसती. तू काय, तुझ्यावर रागावले तरी तू येणारच होतीस.' मग तिचा हात धरून म्हणाल्या, 'त्याला सांगू नकोस हं, मला माहीत आहे ते.'

वहिनी बसस्टॉपवर बसून राहिली. तीन बस सोडल्या. दुसऱ्या दिवशी दुकानात आली ती सरळ माझ्या टेबलाशी. मी अस्तर कापत होते, कात्री खाली ठेवली. नवऱ्यानं फसवलं, नणंदेनं फसवलं, ते तिनं सोसलं होतं, कारण तिकडे त्या खिडकीशी बसलेली बाई आपल्याइतकीच फसली आहे असं तिला वाटत होतं. ती तर फसली नव्हतीच. तिनं सगळं ओळखून, मोजूनमापून, रागाचं माप सुनेच्या अंगावर बेतलं होतं. 'मी येणारच म्हणून,' वहिनी म्हणाली. 'मी येणारच, म्हणून मलाच.'

त्यानंतरच्या बुधवारी ती गेली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आणि सासूबाईंनी गळ घातली होती तरी मास्तरांना सांगायचं तिनं ठरवलं. आता कुणाचं काही सांभाळायचं नाही, असं तिनं मला बजावून सांगितलं. जेवताना म्हणाली, 'आईंना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मी थकले म्हणालात ते खोटं होतं, हे त्यांनी तिथंच ओळखलं.'

मास्तरांचा घास हातातच राहिला. त्या रविवारी एकटे आश्रमात गेले आणि लवकरच परत आले. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी इस्त्रीच्या टेबलावर एक कागद ठेवला. आईला घरी न्यायला हरकत नाही म्हणून त्यांची सही. आवाज पहिल्यांदाच फाटलेला होता. म्हणाले, 'आण तिला. मी करीन तिचं. तू शिकव मला.'

वहिनी कागद घेऊन गेली. आश्रमाच्या व्हरांड्यात सासूबाईंना उन्हात बसवलं होतं. तिनं सांगितलं, सही झालीये, घरी चला. त्यांनी मान हलवली. नको. इथली सवय झाली. पुन्हा एकदा जिन्यावरून वर न्यायचं, पुन्हा कधी खाली आणायचं, ती धास्ती आता नको. 'तू येत जा,' त्या म्हणाल्या. 'मी काही मागत नाही दुसरं.'

वहिनीनं आग्रह केला नाही.

हे सगळं तिनं मला अगदी अलीकडे सांगितलं. दुपारी जेवणासाठी दुकान बंद करायची वेळ होती, मी तागे गुंडाळत होते. मी म्हटलं, चला, निदान आता त्यांच्याच मनानं राहताहेत त्या, तुझ्यावर बोट नाही. तिनं मला मध्येच थांबवलं.

'तसं नाही गं. त्या नको म्हणाल्या ना, तेव्हा मला हलकं वाटलं. खरंच हलकं वाटलं. परत रात्रीचं उठणं नाही, भांडं नाही, पाठ नाही. आणि मग लक्षात आलं, हेच तर ते म्हणत होते माझ्याबद्दल. तेव्हा ते खोटं होतं. माझ्या अंगात होतं बळ, माझं मनही होतं. यांनी सगळ्यांनी मिळून ते खरं करून ठेवलं.'

तिनं टेप गळ्यातून काढून खुंटीला लावली, पर्स घेतली.

'मी थकलेय आता,' ती म्हणाली, आणि बुधवार असल्यामुळे आश्रमाकडे जाणारी बस पकडायला निघून गेली.